उशाजवळचा मोबाइल : भीती कशाची धरावी?

'रात्री उशाजवळ मोबाइल ठेवू नका. त्याच्या लहरींनी मेंदूचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच तसे सांगितले आहे!' अशा अर्थाचा संदेश तुमच्या घरच्या मोबाइलवर केव्हातरी आला असेल. तो खरा मानावा काय? पाठवणारे काका वडीलधारे आहेत, एवढ्यावरून हे ठरत नाही. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत.

१. मूळ विधान काय होते?

संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींची नोंद 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात केली. पुरावा मर्यादित असला, तरी शंका पुरती फिटलेली नसली, की अशी नोंद होते. संदेशात या 'शक्यते'चे 'होतोच' झाले! पुढे २०२४ साली संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

२. परिणाम कोणत्या मार्गाने होणार?

फोटॉनची ऊर्जा लहरीच्या वारंवारतेच्या सम प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला असाल किंवा पुढे शिकाल. मोबाइलच्या लहरींची वारंवारता २ अब्ज हर्ट्झ धरू. पेशीतील डीएनएला इजा करू शकणाऱ्या अतिनील किरणांची वारंवारता सुमारे १० लाख अब्ज हर्ट्झ असते. भागाकार करा. मोबाइलचा फोटॉन ५ लाख पटींनी दुबळा ठरतो. रासायनिक बंध तोडण्याची ताकद त्याच्यात नाही. मुरमुरे मारून झाडावरचे कवठ पडत नाही, मग मुरमुरे मूठभर असोत की पोतेभर.

३. प्रमाण किती?

या लहरींनी शरीराचा भाग किंचित तापतो. म्हणून भारतात २०१२ पासून हँडसेटसाठी दर किलोग्रॅम ऊतीमागे १.६ वॅट ही मर्यादा आहे.

आता दुसरे प्रमाण पाहू. सकाळी ६ ला उठणारी मुलगी रात्री १० ऐवजी १२ वाजता झोपली, तर ८ तासांची झोप ६ तासांवर येते. अशा सहा रात्रींत १२ तास, म्हणजे दीड रात्रीची झोप बुडाली. तुमच्या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. ती अपुरी पडली, की वर्गात लक्ष लागत नाही, पाठांतर टिकत नाही, चिडचिड वाढते. शिवाय रात्रीच्या उजेडाने झोप आणणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे मंदावते.

म्हणजे संदेशातला सल्ला बरोबर, पण कारण चुकीचे! मग बिघडले कुठे? लहरींना भिणारा मुलगा 'फ्लाइट मोड' लावून निर्धास्त होतो आणि मध्यरात्रीपर्यंत खेळत बसतो. लहरी थांबतात, पण झोप बुडायची ती बुडतेच. चुकीचे कारण आपल्याला चुकीच्या ठिकाणी सावध करते.

करून पाहा : सात दिवस मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याआधीचे सात दिवस आणि हे सात दिवस झोपण्याच्या व उठण्याच्या वेळा वहीत लिहा. दोन्ही आठवड्यांची सरासरी काढा आणि फरक किती पडला तो वर्गात सांगा.