झाडाला गाठ कोणी मारली?

बाळगुटी आपल्यापैकी बहुतेकांनी चाटलेली आहे. आठवत नसेल तर आजीला विचारा. सहाणेवर उगाळायच्या त्या वस्तूंमध्ये हिरडा, वेखंड, हळकुंड, सुंठ असते, आणि त्यांच्याबरोबर मायफळ आणि काकडशिंगीही असते. गंमत अशी की मायफळ हे फळ नाही, आणि काकडशिंगी ही शेंगही नाही आणि शिंगही नाही. दोन्ही म्हणजे किड्यांनी झाडाकडून फुकटात बांधून घेतलेली घरं आहेत! मायफळ ही तुर्कस्तान, सीरिया, इराणकडच्या एका ओक झाडावर चिमुकल्या गांधीलमाशीमुळे आलेली गाठ. काकडशिंगी हिमालयात पिस्त्याच्या एका जातभाईवर माव्यामुळे येते. मायफळाला बारीक भोक दिसलं तर समजायचं की मालक घर सोडून गेला. हिराकशीबरोबर याच मायफळाची काळी शाई करून युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज लिहिले गेले.

अशा गाठींना इंग्रजीत 'गॉल' म्हणतात. आपल्याकडे भातावरच्या अशाच किडीला शेतकरी 'गादमाशी' म्हणतात. तिच्यामुळे भाताला लोंबी येण्याऐवजी पोकळ 'चंदेरी पोंगा' येतो आणि त्या फुटव्याचं पीक गेलंच म्हणून समजा. म्हणजे विषय नुसता हौसेचा नाही. पण मित्रांनो, हौस म्हणून सुरुवात करायला याच्याइतका स्वस्त छंद दुसरा नाही. पक्षी बघायला दुर्बीण लागते, पहाटे उठावं लागतं. गॉल कुठे पळून जात नाही, सबमिशन संपवून दुपारी बारा वाजता गेलात तरी तिथेच असतो.

गॉल म्हणजे नक्की काय?

पान पोखरून किडा आत राहिला तर तो गॉल नव्हे. गॉलमध्ये झाडाच्या स्वतःच्या पेशी वेगळ्या पद्धतीने वाढतात. किड्याची लाळ, अंडं घालतानाचा स्राव किंवा अळीचं खाणं यामुळे त्या जागी ऑक्सिन आणि सायटोकायनिन या वाढीच्या संप्रेरकांचा तोल बदलतो. पेशी भराभर वाढतात आणि आतल्या बाजूला पोषक पेशींचा थर तयार होतो. थोडक्यात, डिझाइन किड्याचं, मटेरियल आणि मजुरी झाडाची. किड्याला अन्न मिळतं, ऊन-वाऱ्यापासून आसरा मिळतो, शत्रूपासूनही थोडंफार संरक्षण मिळतं.

गॉल फक्त कोवळ्या, वाढत्या भागावरच सुरू होतो. पिकल्या पानावर नवा गॉल बनत नाही. म्हणून चैत्रातली नवी पालवी बघायला विसरू नका, सुरुवात तिथेच सापडते.

या गाठींचा आणि किड्यांच्या अंड्यांचा संबंध इटलीच्या मार्सेलो माल्पिघीने 1679 साली सविस्तर दाखवला. तोच माल्पिघी, ज्याचं नाव आपण बायोलॉजीत किडनीच्या धड्यात पाठ केलं होतं. भारतातल्या गॉलवर एम. एस. मणी यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं 'प्लांट गॉल्स ऑफ इंडिया' हे पुस्तक 1973 साली आलं.

किड्यांशिवाय कोळी, सूत्रकृमी, बुरशी आणि बॅक्टेरिया हेही गॉल करतात. त्यातला ॲग्रोबॅक्टेरियम तर आपल्या लाइनचा माणूस म्हणायला हवा. तो स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो आणि झाड निमूटपणे गाठ वाढवतं. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातली गाठीची जनुकं काढली आणि त्या जागी हवी ती जनुकं बसवली. भारतात 2002 साली मंजूर झालेल्या बीटी कापसातलं जनुक कापसात घालायला हाच बॅक्टेरिया वापरला होता. विदर्भातल्या शेतातली सरकी आणि झाडावरची गाठ, नातं असं आहे.

ओळखायचं कसं?

साहित्य: दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजीकडे असतं तसलं), ब्लेड, पट्टी, वही, मोबाइलचा कॅमेरा आणि जॅमच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या.

1) आधी खात्री करा की तो गॉलच आहे. नखाने हळूच खरवडा. निघून आलं तर ते खवले कीड किंवा चिकटवलेली अंडी असतील. गॉल निघत नाही, कारण तो पानाचाच भाग असतो. मुळांवर हीच परीक्षा उलटी लागते. भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी चोळल्या की सुटतात आणि कापल्यावर आत गुलाबी दिसतात. त्या उपयोगी बॅक्टेरियाच्या, नत्र देणाऱ्या गाठी. टोमॅटो-वांग्याच्या मुळावरची सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. एक शेतकऱ्याचा मित्र, दुसरा शत्रू, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

2) मग झाड ओळखा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. गॉल करणारे बहुतेक जीव एकाच जातीच्या किंवा जवळच्या नात्यातल्या झाडांवर राहतात. झाडाचं नाव कळलं की संशयितांची यादी हजारांवरून दोन-चारवर येते. झाड न ओळखता गॉल ओळखायला बसणं म्हणजे पिनकोडशिवाय घर शोधणं.

3) जागा लिहा. पानाचा वरचा भाग की खालचा, मधली शीर, देठ, कळी, फांदी, फळ की मूळ? एकाच झाडावर दोन वेगळ्या जागी दोन वेगळे गॉल असतील तर करणारेही बहुधा वेगळे असतात.

4) दार आहे का बघा. पानाच्या वर फुगा, आणि खालच्या बाजूला त्याच जागी केसाळ बारीक तोंड, असं असेल तर कोळ्याचा संशय घ्या. पान दुमडलं किंवा गुंडाळलं असेल तर फुलकिडे बघा. चारी बाजूंनी बंद गाठ असेल तर गादमाशीच्या कुळातली माशी, गांधीलमाशी किंवा सिल्ला यापैकी कोणीतरी असेल.

5) एक गाठ कापा. एकच, सगळी फांदी नाही. आत खोल्या किती? आतला जीव कसा? नारिंगी किंवा पिवळसर, बिनपायांची अळी असेल तर बहुधा माशी. पांढरी, वाकडी, बिनपायांची अळी असेल तर गांधीलमाशी. सपाट, पाय असलेलं पिल्लू असेल तर सिल्ला. काहीच दिसत नसेल तर भिंग लावा. गॉल करणारे कोळी साधारण 0.2 मिलिमीटरचे, सुरवंटासारखे लांबट असतात. आणि इतर कोळ्यांना आठ पाय असले तरी यांना चारच!

6) किडा बाहेर येऊ द्या. पिकलेले दोन-चार गॉल बाटलीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, तारीख लिहा. पण इथे एक सापळा आहे. बाटलीत जो पहिला बाहेर येईल तोच घरमालक असेल असं नाही. अनेक गॉलमध्ये परोपजीवी गांधीलमाश्या मालकाच्या अळीला खाऊन वाढतात, काही भाडेकरू तर नुसतेच आयत्या घरात घुसतात. म्हणून कापलेल्या गॉलमधली अळी आणि बाहेर आलेला किडा, दोन्हींची नोंद हवी.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पानसुद्धा तोडायचं नाही, तिथे फोटोवरच भागवायचं.

कॅम्पसवरची हजेरी

लांब जायची गरज नाही. बहुतेक कॉलेजांच्या आवारात पुढची मंडळी भेटतातच.

करंज: पानावर, बहुतेक वेळा वरच्या बाजूला, उभे बोटासारखे बारीक फुगे. करणारा कोळी, एसेरिया पोंगामी.
सप्तपर्णी: पानभर फोडासारख्या कडक गाठी. करणारा सिल्ला. पिकली की गाठ उकलते आणि पंख फुटलेला किडा उडून जातो.
उंबर: पानावर जाड, फुगीर, कधी लालसर गाठी. हाही सिल्लाच, पण वेगळ्या जातीचा.
आंबा: पानावर बारीक टणक पुटकुळ्या. गादमाशीच्या कुळातली माशी.
कुंपणाचा फायकस बेंजामिना: पान मधल्या शिरेवर वहीसारखं मिटलेलं. उघडलंत तर आत काळे फुलकिडे, पिल्लं आणि अंडी, सगळं कुटुंब एकत्र.

आणि उंबराच्या फळाच्या आतही गॉल असतात. त्यातल्या काही फुलांमध्ये माशीची अळी वाढते, आणि तीच माशी पुढे पराग घेऊन दुसऱ्या उंबरात जाते. गॉल बंद झाले तर उंबराचं बी बंद होईल!

ओळखून काय होतं?

हा प्रश्न हमखास येतो. सप्तपर्णीच्या रांगेखालून जाताना दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "झाडांना कॅन्सर झालाय, पसरायच्या आत तोडा." आता वरची पद्धत लावून बघा. गाठी पानांवर आहेत, खोडात नाहीत. करणारा सिल्ला सप्तपर्णीवरचा, तो शेजारच्या आंब्यावर घर करत नाही. पानं कुरूप होतात, रोपांना त्रास जास्त होतो, पण मोठं झाड सहसा याने मरत नाही. म्हणजे तोडायचं कारण उरत नाही. गाठीच्या आत बसलेल्या किड्यापर्यंत वरून मारलेलं औषध नीट पोचतही नाही, उलट त्याला खाणाऱ्या परोपजीवी माश्या आधी मरण्याचा धोका असतो.

पण प्रत्येक गॉल निरुपद्रवी असतो असं समजलात तर तेही चूक. पांगाऱ्यावर गाठी करणाऱ्या एका अगदी बारीक गांधीलमाशीला 2004 साली शास्त्रीय नाव मिळालं, क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. 2005 मध्ये ती हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या पांगाऱ्याच्या कुळातली विलीविली नावाची झाडं मरू लागली. भारतातल्या पांगाऱ्यावरही ती सापडली आहे. हवाईत उपाय कसा निघाला? गुन्हेगाराचं नाव कळलं होतं, म्हणून शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत जाऊन तिचा शत्रू शोधला. ती परोपजीवी माशी 2008 मध्ये सोडली आणि झाडं सावरू लागली. नाव माहीत नसतं तर शत्रू कुणाचा शोधणार होते?

निलगिरीची गोष्ट अशीच. तिच्या शिरांवर आणि देठांवर गाठी करणारी लेप्टोसायबी इन्व्हेसा हिचंही नाव 2004 सालचं. रोपवाटिकेत तिने मोठं नुकसान केलं. पांगारा किंवा निलगिरीच्या कोवळ्या शेंड्यावर अशा गाठी दिसल्या तर 'झाडाला सवय आहे' म्हणून सोडू नका. फोटो आणि नमुना घेऊन जवळच्या कृषी किंवा वन महाविद्यालयात दाखवा.

एक सप्तपर्णी वाचवायची आणि एका पांगाऱ्याबद्दल वेळेवर ओरडायचं, या दोन्हींसाठी लागणारं ज्ञान एकच आहे. पुढच्या वेळी कोणी झाडाकडे बोट दाखवून "रोग पडलाय" म्हणालं, तर भिंग काढा आणि विचारा, "कुठे? पानावर की शेंड्यावर? कापून बघितलं का?" उत्तर नसेल, तर कुऱ्हाडीला थोडं थांबायला सांगा.