जोखमीची दोन पारडी

तमिळ अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ रोजी चेन्नईत कोविडची लस घेतली. १७ एप्रिलला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अनेकांनी लसीची धास्ती घेतली. त्या मृत्यूचा लसीशी संबंध नसल्याचा निर्वाळा राष्ट्रीय समितीने पुढे दिला. परंतु दरम्यान, मे महिन्यात, दुसऱ्या लाटेने शहरास ग्रासले होते. लस घेण्याची जोखीम सर्वांना दिसली, न घेण्याची अनेकांच्या नजरेआड राहिली.

घरखरेदीत नेमके उलट घडते. ‘आज टोकन दिले नाही, तर सदनिका हातची जाईल’ या भीतीपोटी घेण्यातील जोखीम झाकली जाते. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतील वेळचेरीसारख्या सखल वस्त्या जलमय झाल्या, तेव्हा जागेची पातळी न पाहता केलेल्या खरेदीचे मोल कळले. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घाईतही हे भान असावे.

दोन्ही प्रसंगी पारडी दोनच: केल्यास काय गमवावे लागेल आणि न केल्यास काय? हुकलेल्या सदनिकेस पर्याय मिळतो. गमावलेल्या आरोग्यास वा आयुष्यभराच्या पुंजीस तो क्वचितच मिळतो.