कर्णपक्ष आणि भीमपक्ष

पनवेल हे गाढी नदीच्या काठचे जुने गाव. येथून एक रस्ता खंडाळ्याचा घाट चढून पुण्यास जातो आणि दुसरा कर्नाळ्याच्या सुळक्याजवळून कोकणात उतरून गोव्याची वाट धरतो. त्यामुळे गावच्या एस. टी. स्थानकावर रात्रंदिवस वर्दळ असते. याच गावातील एका शाळेत, सातवीच्या मराठीच्या तासाला, एकदा महाभारतावरून मोठी लढाई जुंपली.

निमित्त साधेच होते. गुरुजींनी फळ्यावर ‘माझे आवडते पात्र’ असा निबंधाचा विषय लिहिला. अद्भुत कथांतील कोणतेही पात्र निवडावे, एवढीच सूचना होती. खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीने हॅरी पॉटरच्या पुस्तकांतील स्नेप या शिक्षकाचे नाव घेतले. दोघातिघांना घटोत्कच आवडत होता. बाकीचा सारा वर्ग मात्र दोन नावांवर वाटला गेला : कर्ण आणि भीम. कोणी दूरदर्शनवरील जुनी मालिका पाहिली होती, कोणाच्या घरी आजी चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ वाचीत असे. पाच मिनिटांत कर्णपक्ष आणि भीमपक्ष अशी नावेही पडली, आणि एकमेकांच्या वीरांची उणीदुणी काढण्यास जोरात आरंभ झाला.

गुरुजींनी हात वर करून सर्वांना थांबविले. ते म्हणाले, “वाद खुशाल करा, पण एका अटीवर. ज्याने ज्या वीराला निवडले असेल, त्यानेच त्याचा सर्वांत मोठा दोष आधी सांगावयाचा. गुण मागाहून.”

वर्ग एकदम शांत झाला. दुसऱ्याच्या आवडत्या वीरात दोष शोधणे सोपे असते; आपल्या वीराचा दोष आपल्याच तोंडाने सांगावयाचा म्हणजे जीभ जड होते.

अखेर भीमपक्षातील एक धीट मुलगी उभी राहिली. “गुरुजी, भीम फार खादाड होता. बकासुरासाठी नेलेला गाडाभर भात त्याने स्वतःच संपविला!”

सारे हसले. तीही हसली. गुरुजी म्हणाले, “हा दोष सांगताना तुला हसू आले. जो सांगताना हसू येत नाही, असा एखादा सांग.”

मुलगी विचारात पडली. मग सावकाश म्हणाली, “गदायुद्धात नाभीच्या खाली प्रहार करावयाचा नाही, असा नियम होता. भीमाने दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या. तशी त्याची प्रतिज्ञाच होती, म्हणून ते एक वेळ सोडून देऊ. पण दुर्योधन खाली पडल्यावर भीमाने त्याच्या मस्तकाला डाव्या पायाने लाथ मारली. शेवटी युधिष्ठिराने त्याला आवरले. पडलेल्याला लाथ मारणे मला आवडत नाही.”

“मग तो तुला आवडतो तरी का?”

“त्याच्या रागामुळेच,” ती म्हणाली. “द्यूतसभेत द्रौपदीचा छळ चालला असता थोर थोर माणसे माना खाली घालून बसली होती. भीम तसा बसला नाही. ज्या हातांनी धर्मराजाने फासे टाकले ते हात जाळून टाकतो, सहदेवा, अग्नी आण, असे तो म्हणाला. अर्जुनाने त्याची समजूत घातली म्हणून तो थांबला.” बोलता बोलता ती अडखळली. “म्हणजे गुरुजी, तोच राग आणि तीच लाथ.”

गुरुजींनी तिला बसावयास सांगितले. त्यांनी त्यावर काही भाष्य केले नाही. तसे करण्याची गरजही नव्हती.

आता कर्णपक्षाची पाळी आली. शेवटच्या बाकावरील एक मुलगा उठला. एरवी तो वर्गात फारसा बोलत नसे. तो म्हणाला, “कर्णाचा दोष एवढाच, की त्याला वाईट मित्र मिळाला.”

“हा दोष कर्णाचा, की दुर्योधनाचा?” गुरुजींनी विचारले. भीमपक्षाने टाळ्या पिटल्या. मुलाचा चेहरा लाल झाला. पण तो खाली बसला नाही.

“मला कर्ण का आवडतो ते आधी सांगू द्या,” तो म्हणाला. “माझे बाबा एस. टी.ची गाडी चालवितात. कर्णाचे वडीलही रथ चालवीत असत. कौरवपांडवांच्या परीक्षेच्या दिवशी कर्ण रंगभूमीवर आला. तुझे कुळ कोणते, असे त्याला सर्वांदेखत विचारले. तेव्हा दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केले. इतक्यात म्हातारा अधिरथ काठी टेकीत, घामाघूम होऊन तेथे आला. राजा झालेल्या कर्णाने त्याला ओळख दिली नसती तरी चालले असते. पण अभिषेकाच्या पाण्याने भिजलेले मस्तक त्याने अधिरथाच्या पायांवर ठेवले. ते पाहून भीम हसला. तुला धनुष्य शोभत नाही, चाबूक हाती घे, असे म्हणाला.”

भीमपक्षातील टाळ्या थांबल्या. ती धीट मुलगी आपल्या वहीकडे पाहू लागली. भीमाचे हे बोलणे तिने वाचले नव्हते असे नाही. पण ते लक्षात ठेवण्याजोगे तिला वाटले नव्हते.

तेवढ्यात कर्णपक्षातील त्या मुलाच्या शेजारचा सोबती, त्याचा जिवलग मित्र, हळूच म्हणाला, “पण द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीला किती वाईट शब्द वापरले! ती जिंकली गेलेली नाही, असे धृतराष्ट्राच्याच मुलाने, विकर्णाने, सांगितले, तर त्यालाही कर्णाने गप्प केले. पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला त्यानेच सांगितले. त्या वेळी त्याला कोणी बोलावयास लावले होते का?”

आपल्याच बाकावरून बाण येईल, अशी त्या मुलाची कल्पना नव्हती. तो घाईने म्हणाला, “द्रौपदीनेच आधी त्याचा अपमान केला होता! स्वयंवरात तो धनुष्य घेऊन उभा राहिला, तेव्हा मी सूतपुत्राला वरणार नाही, असे ती सर्वांसमोर म्हणाली.”

हा मुद्दा बिनतोड वाटला. कर्णपक्षात पुन्हा जोर आला. गुरुजी मात्र गंभीर झाले.

“हे ती खरोखर म्हणाली का, ते पाहिले पाहिजे,” ते म्हणाले. “येथून घाट चढून पुण्यास गेले की भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर लागते. ही संस्था 1917 साली स्थापन झाली. महाभारताच्या हस्तलिखित पोथ्या देशभर विखुरलेल्या होत्या. काश्मीरची शारदा लिपी, बंगाली, नेपाळी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम् अशा नाना लिप्यांतील या पोथ्या. एका पोथीत जे श्लोक, ते दुसरीत नाहीत. नकल करणाऱ्याने, कथेकऱ्याने, कधी आवडीने तर कधी भक्तीने, मध्ये भर घातलेली. संस्थेतील पंडितांनी 1919 साली सर्वांत जुना पाठ शोधण्याचे काम हाती घेतले. 1925 पासून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. 1943 साली ते वारले, तरी काम थांबले नाही. 1259 पोथ्या एकमेकींशी ताडून पाहून 1966 साली ते पुरे झाले.”

“इतकी वर्षे?” एका मुलाने विचारले.

“होय. दूरदूरच्या पोथ्यांत जे सारखे आढळले ते मूळ पाठात ठेवावयाचे, आणि थोड्याच प्रतींत असलेले तळटीपांत किंवा परिशिष्टांत, अशी त्यांची सर्वसाधारण रीत होती. फेकून काहीच दिले नाही. द्रौपदीचे ते वाक्य काही थोड्या प्रतींत आहे. म्हणून संशोधित आवृत्तीच्या मूळ पाठात त्याला जागा मिळाली नाही. तेथे एवढेच आहे, की कर्ण आणि शल्य यांच्यासारख्या वीरांनाही जे धनुष्य वाकविता आले नाही, ते आता हा ब्राह्मणकुमार काय वाकविणार, असे अर्जुनाला पाहून लोक म्हणू लागले.”

“मग मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, तेव्हा आंधळ्याचा मुलगा आंधळा असे द्रौपदी म्हणाली, तेही खरे नाही का?” घटोत्कचाच्या बाजूच्या मुलाने विचारले.

“ते शब्दही तेथे नाहीत. दुर्योधन पडला तेव्हा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसले, असे कथा सांगणारा म्हणतो. द्रौपदी स्त्रियांसह हसली, ही तक्रार पुढे दुर्योधन आपल्या वडिलांपाशी करतो. म्हणजे कोण काय सांगतो आहे, तेही पाहावे लागते.”

शेवटच्या बाकावरील मुलगा खाली बसला. त्याची ढालच गुरुजींनी काढून घेतली होती. आता द्यूतसभेतील कर्णाच्या शब्दांना कोणतेच निमित्त उरले नव्हते. थोड्या वेळाने त्याने बसूनच विचारले, “गुरुजी, मग कर्णाला त्याचे पुढे काहीच वाटले नाही का?”

“हा प्रश्न तू विचारशील, अशी मला आशा होती,” गुरुजी म्हणाले. “उद्योगपर्व काढा. युद्ध टळावे म्हणून कृष्ण शिष्टाईस आला होता. परत जाताना त्याने कर्णाला आपल्या रथात घेतले आणि एकांतात सांगितले, की तू कुंतीचा पुत्र, पांडवांचा वडील भाऊ आहेस. चल, राज्य तुझे आहे. कर्णाने काय केले असेल?”

“नाही म्हणाला,” मुलगा उत्तरला.

“हो. अधिरथाने मला घरी नेले, राधेने मला पोटच्या मुलासारखे वाढविले. साऱ्या पृथ्वीसाठी, सोन्याच्या राशींसाठीही मी त्यांना सोडणार नाही, अशा अर्थाचे तो बोलला. दुर्योधनाचे मीठ खाल्ले आहे, तेही विसरणार नाही म्हणाला. आणि त्याच संभाषणात त्याने आणखी एक गोष्ट कबूल केली. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कठोर बोललो, त्या कर्माचा मला आज पश्चात्ताप होतो आहे, असे तो कृष्णाला म्हणाला.”

वर्गात कोणी हालले नाही. मित्राने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “म्हणजे ते शब्द त्याने मित्राला खूश करण्यासाठी काढले. कोणी सांगितले नव्हते तरी काढले. हा त्याचा दोष. आणि मित्राला सोडले नाही, वडिलांना सोडले नाही, हा गुण.” मग थोडे थांबून, “दोष मोठाच आहे,” असे त्याने आपण होऊन सांगितले. अट आता पुरी झाली होती.

या प्रश्नावर मोठ्यांचेही एकमत नाही. 1967 या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके निघाली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन अशी पात्रे स्वतःच आपली कहाणी सांगतात, आणि वाचक कर्णाच्या प्रेमात पडतो. इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये संशोधित आवृत्ती पुढे ठेवून कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना एकेक करून पारखले, त्यात कोणाचीच भीड ठेवली नाही. पुष्कळ घरांत ही दोन्ही पुस्तके एकाच फळीवर सुखाने नांदतात.

खिडकीजवळची मुलगी कधीची हात वर करून बसली होती. तिचे म्हणणे असे, की स्नेपचेही तसेच आहे. तो वर्गातल्या मुलांना घालूनपाडून बोलतो, एका भित्र्या मुलाला तर नको नको करून सोडतो. आणि तोच जीव धोक्यात घालून हॅरीचे रक्षण करतो. “रक्षण केले म्हणून वर्गातले बोलणे चांगले ठरत नाही,” ती ठामपणे म्हणाली, “तरी माझा निबंध त्याच्यावरच.”

मग कोणीतरी म्हणाले, “गुरुजी, तुमचे आवडते पात्र कोणते?”

“युधिष्ठिर,” गुरुजी म्हणाले. साऱ्या वर्गात धर्मराजाला एकही मत पडले नव्हते. मुलांनी एकच गिल्ला केला : “आधी दोष! आधी दोष!”

“द्यूत, हे तर तुम्हांला ठाऊकच आहे. दुसरा त्याहून मोठा. अश्वत्थामा मेला, असे द्रोणांना भासविण्यासाठी तो खोट्याचा आधार घेऊन बोलला. मेला होता त्या नावाचा हत्ती. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. त्या क्षणापासून तो भुईला टेकला. पुढे हेच कपट त्याच्या पदरात पडले, आणि स्वर्गात गेल्यावर त्याला नरक पाहावा लागला. तेथे भावांचे आवाज ऐकू येताच तो म्हणाला, की मी येथेच राहतो. म्हणून तो मला आवडतो. आता गंमत पाहा. त्याआधी, हिमालयाच्या वाटेवर एकेक जण गळून पडला, तेव्हा प्रत्येकाचा दोष यानेच सांगितला आहे. सहदेवाला आपल्या बुद्धीचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. सर्व शत्रूंना एका दिवसात जाळीन, अशी अर्जुनाने बढाई मारली होती. आणि भीम…”

गुरुजी थांबले. ते किंचित ओशाळल्यासारखे दिसले.

“भीमाचा कोणता, गुरुजी?” भीमपक्षातील ती मुलगी उठून उभी राहिली.

“बळाची बढाई,” गुरुजी म्हणाले, “आणि अतिशय खाणे.”

“म्हणजे मी आधी सांगितला तोच!”

वर्गात असा काही हशा पिकला, की तास संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कर्णपक्षातील मुलगा पुढे येऊन उद्योगपर्वाचे पुस्तक घरी न्यावयास मिळेल का, असे विचारीत होता. आणि मागच्या दोन बाकांवर भीष्मांचा पक्ष कोणी घ्यावयाचा, यावरून नवे भांडण सुरू झाले होते.