विश्वासास पात्र असा पुढारी

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ५

यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत बांधून पुरा झाला, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक असते. शब्बाथशाळेंत एका हातानें काम आणि दुसऱ्या हातांत शस्त्र हें चित्र सर्वांस आवडतें. परंतु चवथा अध्याय संपला कीं आपण बहुधा एकदम सहाव्याकडे वळतों, आणि मधला पांचवा तसाच राहतो. त्यांत बाहेरचा शत्रु नाहीं. कर्ज आहे, गहाण पडलेलीं शेतें आहेत, दास्यांत गेलेलीं मुलें आहेत. तरी लोकांनीं नहेम्यावर विश्वास कां ठेविला हें जाणावयाचें असेल, तर हाच अध्याय लक्षपूर्वक वाचला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. इ. स. पू. ४४५ च्या सुमारास तो अधिपति होऊन यरुशलेमेस आला. आल्याबरोबर त्यानें भाषण केलें नाहीं. तीन दिवस गेल्यावर, रात्रीं थोडीं माणसें बरोबर घेऊन, त्यानें पडक्या तटाची पाहणी स्वतः केली, आणि मग लोकांस बोलाविलें. आधीं पाहणें व मग बोलणें ही संवय आपल्या पंचमंडळींत फारशी आढळत नाहीं.

काम चालू असतांच गरिबांनीं व त्यांच्या बायकांनीं मोठा आक्रोश केला. धान्यासाठीं कोणीं शेत गहाण टाकिलें होतें, कोणीं द्राक्षमळा, कोणीं राहतें घर. राजाचा कर भरण्यासाठीं कोणीं कर्ज काढिलें होतें. कित्येकांच्या मुली तर दासी होऊन गेल्या होत्या. आणि सावकार कोण? परके नव्हेत, त्यांचेच भाऊबंद. आपल्या शेतकरी वाचकांस या दुःखाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

नहेम्या फार संतापला. परंतु त्या संतापाच्या भरांत तो बोलला नाहीं. त्यानें आपल्या मनाशीं विचार केला, आणि मग सरदारांस व अधिकाऱ्यांस त्यांच्या तोंडावर दोष दिला, तोही भरसभेंत. तट अर्धा राहिला असतां धनवानांस दुखविणें धोक्याचें होतें. त्याहून मोठी गोष्ट पुढें आहे. आपण, आपले भाऊ व आपले चाकर यांनींही लोकांस पैसा व धान्य उसनें दिलें आहे, हें त्यानें आपण होऊन सांगितलें, आणि ही वसुली आपण सर्वच सोडून देऊं असें म्हटलें. तुम्हीं सोडा, असें तो म्हणाला नाहीं. शेतें, मळे, घरें आणि घेतलेला शंभरावा हिस्सा परत करण्याचें सरदारांनीं कबूल केलें. हा हिस्सा दरमहाचा असावा असें पुष्कळ टीकाकार मानितात. म्हणजे सालास शेंकडा बारा. एवढ्यावरही न थांबतां त्यानें याजकांस बोलावून त्यांजकडून शपथ घेवविली. कबुली सभेंत सोपी असते, घरीं गेल्यावर जड जाते, हें तो ओळखून होता.

आतां आपल्या मंडळीकडे पाहूं. ज्या वडिलाचें देणें निम्म्या सभासदांच्या शिरावर आहे, त्याच्या बाजूनें सभेंत हात भराभर वर होतात. तो त्यास विश्वास समजतो. आमच्या मतें ती केवळ कर्जदाराची भीति होय, आणि ती जों आहे तों खरें बोलणारा एकही माणूस त्या सभेंत मिळणार नाहीं. अडचणींत भावास पैसे देणें हें पाप नव्हे. परंतु ज्यास मंडळीचा पुढारी व्हावयाचें आहे त्यानें आपल्याच मेंढरांच्या लोंकरीवर व्याज मोजूं नये.

नहेम्यानें बारा वर्षें अधिपतीचा भत्ता घेतला नाहीं. तो त्याचा हक्क होता. त्याच्या पूर्वीचे अधिपति अन्न व द्राक्षारस, शिवाय चाळीस शेकेल रुपें घेत, आणि त्यांचे चाकरही लोकांवर हुकमत चालवीत. नहेम्याच्या पंक्तीस दीडशें माणसें असत; दररोज एक बैल व सहा निवडक मेंढरें लागत. तरी लोकांवरील भार जड आहे, एवढ्या कारणास्तव त्यानें तो हक्क सोडिला. त्यानें शेतही विकत घेतलें नाहीं. जमिनी स्वस्त मिळण्याचे ते दिवस असतां!

तो निर्दोष होता असें आम्हीं म्हणत नाहीं. तेराव्या अध्यायांत तो कित्येकांस मारतो व त्यांचे केंस उपटतो. तेवढें कोणीं उचलूं नये.

पैशाविषयीं आणखी एक शब्द. यरुशलेमेंतील गरिबांसाठीं जमविलेली वर्गणी नेतांना पौलानें, मंडळ्यांनीं नेमिलेला एक बंधु तीताबरोबर पाठविला, कोणास बोट ठेवावयास जागा राहूं नये म्हणून (२ करिंथ ८). प्रेषितास हें जरूर वाटलें. मग हिशेब मागतांच आपल्या खजिनदारास राग कां यावा? उपकारस्तुतीच्या सणांत आलेलें धान्य दोघांनीं मिळून मापावें, आणि आंकडा त्याच दिवशीं उपासनेनंतर वाचून दाखवावा.

वर्ग घेणाऱ्यांनीं पुढील आठवड्यासाठीं सहावा अध्याय वाचून यावें. नहेम्यास ओनोच्या मैदानांत भेटीस बोलावणारा निरोप चार वेळां आला व पांचव्या वेळीं उघडें पत्र आलें. तें उघडें कां पाठविलें, याचा विचार करून ठेवावा.