ठेवलेले नाव आणि सोसलेले नाव

सज्जनहो, भगवंताच्या नामाविषयी आपण नित्य ऐकतो. आज विषय थोडा निराळा घेतला आहे. बारशाला आत्याने कानात सांगितलेले आपले स्वतःचे नाव, ते आपल्याला गोड लागते की नाही? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु कीर्तनाच्या निमित्ताने चाळीस वर्षे गावोगाव हिंडलो, त्यात असे दिसले की नाव सांगताना कित्येकांची मान खाली जाते. त्यांतला मीही एक होतो.

माझे नाव धोंडू. माझ्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा आईने माझे नाक टोचले आणि नाव ठेवले धोंडू. का, तर दगडधोंड्याकडे काळ कशाला बघतो! दगडू, धोंडिबा, केरबा, कचरू, भिकू, नथू ही नावे आपल्याकडे पुष्कळदा अशीच पडलेली आहेत. वरून पाहाल तर तुच्छ, आत पाहाल तर आईचा कासावीस झालेला जीव.

पण हे लहानपणी कुठले कळायला? पाठशाळेत गेलो तर सहाध्यायी माझ्या नावाच्या सातही विभक्ती चालवून हसायचे. एकदा रडत गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, व्याकरण का शिकावे, याची जी प्रयोजने पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी दिली आहेत, त्यांत बाळाचे नाव ठेवणे हेही एक आहे. मुलाचे नाव घोष वर्णाने सुरू व्हावे, अक्षरे दोन किंवा चार असावीत, असे तिथे सांगितले आहे. आता बघ, ध हा घोष वर्ण आणि अक्षरे दोन. तुझ्या न शिकलेल्या आईने एवढ्या अटी तर पाळल्या की नाही?" मी रडता रडता हसलो.

पुढे ते म्हणाले, "शब्द चार प्रकारचे. जातीचे, गुणाचे, क्रियेचे आणि यदृच्छेचे. डित्थ हे नाव शास्त्रात उदाहरणाला घेतात. त्याला अर्थ काही नाही. ठेवणाऱ्याने ठेवले, एवढेच. तुझे नाव तुझा गुण सांगत नाही. ती नुसती खूण आहे." त्या दिवसापासून माझ्या नावाशी माझा सलोखा झाला.

आता माझी चूक सांगतो. हा दृष्टांत मी कीर्तनात सर्रास सांगू लागलो. नाव ही नुसती खूण, मनाला लावून घेऊ नका, असे ठासून सांगायचो. २००८ साली वारीत, फलटणच्या पुढे बरडच्या मुक्कामी मी तोच दृष्टांत सांगितला. कीर्तन संपल्यावर चाळिशीची एक बाई पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, माझं नाव नकुशी. चार पोरींवर पाचवी झाले. तुमचं नाव तुम्ही जगावं म्हणून ठिवलं. माझं कशापायी ठिवलं, ते मला ठावं हाय." मला उत्तर सुचले नाही. जाताना एवढेच म्हणाली, "वारीला येते ती त्यापायीच. हितं समदी माउली म्हणत्यात. तेवढं दिस त्या नावानं कुणी हाक मारत न्हाई."

सज्जनहो, त्या रात्री मला झोप आली नाही. धोंडू आणि नकुशी ही दोन्ही नावे मी एका मापाने मोजली होती. एक भीतीने ठेवलेले, पण त्या भीतीच्या पोटात माया होती. दुसरे ठेवताना, ही नको होती, एवढेच सांगायचे होते. पहिले नाव समजून घेतले की गोड होते. दुसरे जितके समजावे तितके टोचते. खूण खरी, परंतु डागणी ही देखील खूणच असते.

मग नाव बदलावे काय? जुनी माणसे म्हणतील, बारशाचे नाव बदलणे बरे नव्हे. मी त्यांना ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेतली कथा सांगतो. अजीगर्ताचे तीन मुलगे. शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांत कुत्र्याचे शेपूटच आले, म्हणजे ही रीत किती जुनी ते पाहा. थोरला बापाला हवा, धाकटा आईला हवा. मधला शुनःशेप कुणालाच नको. बापाने शंभर गाईंवर त्याला यज्ञात बळी देण्यासाठी विकला. देवतांच्या स्तुतीने तो सुटला, विश्वामित्राने त्याला पुत्र मानले आणि त्याचे नाव झाले देवरात, म्हणजे देवांनी दिलेला. नकोशा मुलाचे नाव बदलल्याचा दाखला वेदवाङ्मयातच आहे, बरं का!

आणि हे आपल्याकडेही घडले. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या दोनशेहून अधिक नकुशा मुलींची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. नव्या नावाचे प्रमाणपत्र प्रत्येकीला मिळाले. ती बातमी वाचली तेव्हा मला बरडची ती माउली आठवली.

तात्पर्य एवढेच. आपले नाव आवडत नसेल तर आधी शोध घ्यावा, ते कोणी ठेवले आणि कशासाठी. त्यात माया सापडली तर ते नाव आईच्या हातच्या गोधडीसारखे पांघरावे, ठिगळांची लाज धरू नये. माया नसेल, तर ते नाव टाकायला संकोच नको. मोठ्या माणसालाही शासनाच्या राजपत्रात नाव बदलता येते. आणि पाळण्याभोवती जमणाऱ्या आयाबायांनी ध्यानात ठेवावे, आपण क्षणात ठेवतो, ते लेकराला जन्मभर सोसावे लागते.

तो दृष्टांत मी अजून सांगतो, पण आता दोन्ही नावे सांगतो. आणि कीर्तनानंतर कोणी पाया पडायला आले, तर आधी विचारतो, "माउली, तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?"

रामकृष्णहरी.