नवी मोटारसायकल आणि इंजिनाचा भरवसा

डहाणू-तलासरी भागातील छोट्या व्यापाऱ्याचे निम्मे दुकान मोटारसायकलवर असते. आठवडे बाजारात कापडाचे गठ्ठे नेणारा, घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकूचा सौदा करणारा, वेल्डिंगचे सामान बांधून पाड्यापाड्यांत फिरणारा कारागीर, या सर्वांची कमाई सकाळी गाडी सुरू होण्यावर अवलंबून असते. अशा माणसावर नवी गाडी घेण्याची वेळ आली की एक शंका हमखास ऐकू येते : "जुनी इंजिने दणकट होती. नव्या गाड्यांत सगळे इलेक्ट्रॉनिक. उधव्याच्या रस्त्यावर बंद पडली तर उघडणार कोण?"

ही शंका निराधार नाही. परंतु तिच्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. इंजिन कच्चे आहे काय, हा एक. आणि बिघडल्यास आपल्याकडे दुरुस्त होईल काय, हा दुसरा. गाडी घेताना हे दोन्ही वेगळे करून पाहिले पाहिजेत.

अशी शंका पूर्वीही घेतली गेली होती. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली तेव्हा राजदूत, येझदी अशा टू-स्ट्रोक गाड्यांची सवय असलेल्यांना हे इंजिन नाजूक वाटत असे. पुढे त्याच जातीच्या इंजिनांनी खेड्यापाड्यांत नाव कमावले. इंजिन चांगले होतेच, पण ते उघडता येणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले, हे त्यामागचे तितकेच मोठे कारण होते.

बदलले काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळे बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला व फ्युएल इंजेक्शन आले. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्रँक हा इंजिनाचा गाभा फारसा बदललेला नाही. बदलले ते त्याला पेट्रोल पाजणारे यंत्र. आता टाकीत विजेचा पंप असतो, सेन्सर हवा व उष्णता मोजतात आणि एक छोटा संगणक पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो.

याचा परिणाम असा की बिघाडाची रीत बदलली. कार्ब्युरेटरची गाडी कचरा अडकला तर खोकत-खोकत का होईना, चारोटी नाक्यापर्यंत येत असे. जेट फुंकले की काम भागे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप किंवा महत्त्वाचा सेन्सर गेला तर ती जागीच थांबू शकते. बॅटरी पार उतरली तर पंप चालत नाही, आणि कित्येक नव्या गाड्यांना किकही नसते. उलट रोजचा त्रास कमी झाला आहे. थंडीत चोक ओढणे, वारंवार ट्युनिंग करणे, हे आता राहिलेले नाही. म्हणजे बिघाड कमी वेळा होतो, पण झाला तर रस्त्यावर सुटत नाही.

दोष कोणाचा, ते ओळखा

"इंजिन गेले" अशी जी तक्रार होते, तिच्या मुळाशी पुष्कळदा देखभालीची चूक असते. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात मोटारीचे ऑइल टाकले तर क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असा शिक्का आणि पुस्तिकेत सांगितलेला दर्जा पाहूनच ऑइल घ्यावे. टाकी सतत रिकामी ठेवून 'रिझर्व्ह'वर गाडी चालवणे ही जुनी सवयही आता महाग पडते, कारण टाकीतील पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात गाडी बुडाली तर सेल्फ मारू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत वायरींचे जोड गंजतात. डहाणू, चिंचणी, झाई येथील मालकांनी प्रत्येक सर्व्हिसिंगला जोड तपासून घ्यावेत, आणि धुताना जोराचा फवारा त्यांच्यावर मारू देऊ नये.

दुसरी चर्चा पेट्रोलची आहे. २०२५ पर्यंत पंपांवरील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर आले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, गॅस्केट व कार्ब्युरेटरचे भाग त्यासाठी बनलेले नसतील, तर ते लवकर खराब होऊ शकतात. म्हणून जुनी गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये व नळ्या वेळेवर बदलाव्यात. या बाबतीत इथेनॉलला धरून बनवलेली नवी गाडी उजवी ठरते. खरेदीच्या वेळी 'ई-२०'चा उल्लेख पुस्तिकेत पाहून घ्यावा.

ॲव्हरेजचे म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे. समजा गाडी लिटरला ६० किलोमीटर देते आणि महिन्याला १,५०० किलोमीटर फिरते. पूर्वी २५ लिटर लागत. चार टक्के घट धरली तर २६ लिटर लागतील. महिन्याला एक लिटरचा फरक. एक बाजार बुडाला तर नुकसान याच्या कितीतरी पट होते. तेव्हा दोन-तीन किलोमीटर ॲव्हरेजवर घासाघीस करण्यापेक्षा गाडी किती तासांत दुरुस्त होऊन मिळेल, हे विचारणे अधिक फायद्याचे.

घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) या मॉडेलची सर्व्हिस डहाणू किंवा तलासरीत होते काय, की पालघर-वापी गाठावे लागते? सेन्सरचा दोष वाचणारे यंत्र तेथे आहे काय?

२) पंप, सेन्सर, कॉइल हे भाग दुकानात शिल्लक असतात, की मागवावे लागतात? किती दिवसांत येतात?

३) मॉडेल बाजारात येऊन किती काळ झाला? निदान एक पावसाळा पाहिलेली गाडी घ्यावी, आणि ती रोज चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारावे.

४) वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि कशाने रद्द होते?

नाव जुने आहे म्हणून तिसरा प्रश्न सोडू नये. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यांत क्लासिक व बुलेट ही जुनी नावेही होती. दोष पिस्टनमध्ये नव्हता, डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेल्या गाड्यांतील विजेच्या एका भागात होता, आणि दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत तो बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता. कंपनीने गाड्या परत बोलावल्या म्हणून घाबरून जाऊ नये. आपला चेसिस नंबर त्यात आहे काय, हे तपासून भाग फुकट बदलून घ्यावा.

कायदा आपल्या बाजूस आहे

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून अमलात आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या वाचकांना विशेष उपयोगी आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा ग्राहक हा 'ग्राहक' नव्हे, असे सांगून पुष्कळांना परत पाठवले जाते. पण केवळ स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी जो स्वतः वस्तू वापरतो, तो कायद्याने ग्राहकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मात्र तक्रार कागदावर उभी राहते. प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड, ऑइलचे बिल आणि दिवा लागला तेव्हाचा फोटो, हे सर्व जपून ठेवावे. तोंडी सांगितलेला दोष नोंदीत आला नाही, तर तो पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

शेवटी गॅरेज चालवणाऱ्या आपल्या बांधवांना एक सूचना. टू-स्ट्रोक गेली तेव्हा ज्यांनी फोर-स्ट्रोकचे काम शिकून घेतले त्यांचे गॅरेज चालले. आज इंजेक्शनचे काम व मल्टिमीटर वापरणे शिकून दोष वाचण्याचे यंत्र जो घेईल, त्याला तलासरीपासून कासापर्यंत गिऱ्हाईक मिळेल. नव्या गाडीबद्दलची निम्मी भीती मिस्त्री जवळ नसल्याची आहे, आणि ती दूर करणे आपल्याच हातात आहे.