डिझेल गाडीचें तेल गाळणें

डिझेल पिकअप गाडीचा प्राण तिच्या इंजेक्टरांत असतो. येथें ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा उडतो व आपोआप पेट घेतो. कॉमन रेल पद्धतींत तेलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या १,५०० पटींहूनही अधिक असतो. म्हणून इंजेक्टरांतील फट अवघी कांहीं मायक्रॉन ठेवितात. मनुष्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हां डोळ्यांस न दिसणारा कणही तेथें कानशीचें काम करितो, हें उघड आहे.

पाण्याचा उपद्रव निराळा. अर्धवट रिकाम्या टांकींत हवेंतील बाष्प थंडीनें निवून तळाशीं सांचतें व पोलादास गंजवितें.

यावर आम्हांस योग्य वाटणारा उपाय असा : मूळच्या बारीक गाळणीपूर्वीं, टांकी व पंप यांच्यामध्यें, पाणी निराळें करणारी दुसरी गाळणी बसवावी. ती मोठी व जाड छिद्रांची असावी. ओढीच्या बाजूस फार बारीक गाळणी घातल्यास पंपास तेल अपुरें पडतें. तिच्या तळचें पाणी वेळोवेळीं सोडावें व गाळणी बदलल्यावर आंतील हवा काढून टाकावी.

गाळणीचे पैसे वांचविणारा अखेर इंजेक्टरांचे पैसे भरतो, हें आम्हीं विसरूं नये.